महाधमनीत कृत्रिम नळी बसवल्यानंतर : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गेल्या अंकात महाधमनीचा (हृदयातून निघून छाती-पोटातून जाणाऱ्या मुख्य धमनीचा) फुगा, म्हणजे तिची कमकुवत भिंत फुगणे, आणि त्यावरची शस्त्रक्रिया यांविषयी लेख छापला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या रुग्णांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने त्यांना उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर अंकाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवले होते. तशीच वेळ दुसऱ्या कुणाच्या घरी येऊ शकते, म्हणून ते इथेही देत आहोत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. सहा वर्षांपूर्वी पोटातल्या महाधमनीचा फुगा काढून डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी बसवली. गेल्या आठवड्यात एकदा शौचाला काळी, चिकट झाली आणि त्यांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. आमच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिनमुळे ॲसिडिटी झाली असेल असे सांगून गोळ्या दिल्या. एन्डोस्कोपी करावी का? – कोथरूड

उत्तर : आजच रुग्णालयात न्या, आणि जिथे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद चोवीस तास असतात अशाच रुग्णालयात न्या. वडील आता बरे दिसत आहेत, याचा आधार धरू नका.

कारण असे. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे ड्युओडिनम, महाधमनीच्या अगदी पुढ्यातून आडवा जातो. नळीचा वरचा जोड बहुधा त्याच्या पाठीमागेच येतो. शस्त्रक्रिया संपवताना फुग्याची रिकामी भिंत नळीभोवती शिवतात, गरज पडल्यास पोटातला चरबीचा पडदा मध्ये आणून ठेवतात, ते या दोघांचा थेट स्पर्श होऊ नये म्हणून. तरीही काही रुग्णांत वर्षानुवर्षे प्रत्येक ठोक्याला नळी आतड्यावर घासत राहते किंवा जोडापाशी मंद जंतुसंसर्ग रेंगाळतो. मग आतड्याची भिंत झिजते आणि महाधमनी व आतडे यांच्यात वाट तयार होते. पहिला रक्तस्राव पुष्कळदा छोटा असतो. गुठळी धरते, आतडे आकसते, रक्त थांबते. पुढचा स्राव काही तासांनी, काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी होतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. उपचाराची संधी या दोन स्रावांच्या मधल्या काळातच मिळते.

म्हणून आमच्या क्षेत्रात नियम आहे : महाधमनीत नळी असलेल्या माणसाच्या पोटातून रक्त गेले, तर ते नळीपाशीच फुटले असे धरून चालायचे आणि तसे नाही हे तपासणीने सिद्ध करायचे. ॲस्पिरिनमुळे अल्सर होतो हे खरे, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा.

एन्डोस्कोपीविषयी. रुग्ण स्थिर असेल तर आधी सीटी अँजिओ, म्हणजे शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, करावी. नळीला चिकटलेले आतडे, भोवतालची हवा किंवा पाणी त्यात दिसते. एन्डोस्कोपी केलीच तर ती करणाऱ्याला नळीची कल्पना आधी द्या. नेहमीच्या तपासणीत दुर्बीण ड्युओडिनमच्या दुसऱ्या भागापर्यंत नेऊन थांबवतात, आणि दोष असतो तिसऱ्या-चौथ्या भागात. तिथे गुठळी दिसली तर तिला हात लावायचा नाही. जठराला थोडी सूज सापडली म्हणून तपास थांबवू नये, कारण ती या वयात अनेकांना असतेच.

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. ती बांधीव, हिरवट झाक असलेली असते. रक्ताची शौच डांबरासारखी चिकट असते आणि तिला उग्र घाण वास येतो. शंका असेल तर रक्तच धरा.

प्रश्न : सासऱ्यांच्या दोन्ही जांघांपर्यंत नेलेल्या नळीला दीड वर्ष झाले. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप आला. दर वेळी पाच दिवस अँटिबायोटिक घेतले की उतरतो, मग परत येतो. पावसाळ्यात डेंग्यू, टायफॉइड सगळीकडेच असतो, म्हणून फार लक्ष दिले नाही. वजन मात्र चार किलोंनी कमी झाले आहे. – सिंहगड रस्ता

उत्तर : ताप आणि वजनातली घट यांचा विचार एकत्र करा. औषधाने दबणारा आणि औषध थांबताच परतणारा ताप म्हणजे अशा रुग्णात नळीला जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. महाधमनीच्या नळीला संसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात साधारण एक ते सहा आहे. जांघेत जोड असेल तर धोका जास्त, कारण ती जागा घामाची, घडीची आणि लसीकाग्रंथींनी भरलेली. मधुमेह असेल तर आणखी जास्त.

पहिल्या काही महिन्यांतला संसर्ग बहुधा जोरदार असतो : ताप, लाल जखम, पू. उशिराचा संसर्ग बहुधा त्वचेवरच्या सौम्य जंतूंचा. ते नळीच्या धाग्यांवर चिकट थर करून त्यात राहतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही आणि जंतू रक्तात फारसे उतरत नाहीत. म्हणून कधी ताप नसतोच. नुसता अशक्तपणा, वाढलेला सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी), किंवा जांघेतल्या जुन्या व्रणावर टाचणीच्या डोक्याएवढे भोक पडून त्यातून रोज थेंबभर पाणी येत राहते. त्या भोकावर महिनोन्महिने ड्रेसिंग करत बसलेले रुग्ण आमच्याकडे येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता काय करायचे? पुढचे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. दोन वेगवेगळ्या जागांतून, शक्य तर तीनदा, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. गोळी घेतल्यावर केलेले कल्चर कोरे येते आणि कोणता जंतू, कोणते औषध, हे कळायची सोय उरत नाही. ‘नळी आहे, आधी कल्चर’ हे शब्द दवाखान्यात स्वतः सांगा. पावसाळ्यातल्या गर्दीत ते राहून जाते. डेंग्यू, टायफॉइडच्या चाचण्या सोबत होऊ द्या, पण त्यांतली एखादी पुसटशी पॉझिटिव्ह आली म्हणून कल्चर रद्द करू नका.

नंतर सीटी अँजिओ. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवडे नळीभोवती थोडी हवा आणि तीन महिन्यांपर्यंत थोडे पाणी दिसणे चालते. दीड वर्षाने यातले काहीही दिसणे चालत नाही. सीटीवरून उलगडा झाला नाही तर पेट-सीटी, म्हणजे सूज असलेला भाग उजळून दाखवणारा स्कॅन. शस्त्रक्रियेला काही महिनेच झाले असतील तर ती फसवते, कारण भरून येणारा भागही तीत उजळतो. निरोगी नळीसुद्धा सर्वदूर थोडी उजळतेच. एकाच ठिकाणी ठळक डाग असेल तर तो महत्त्वाचा. पुण्यात पेट-सीटीची केंद्रे बरीच आहेत, मात्र अहवाल वाचणाऱ्याला शस्त्रक्रियेची तारीख लिहून द्या.

संसर्ग सिद्ध झाला तर नुसत्या औषधाने नळी निर्जंतुक होण्याची आशा कमी. शस्त्रक्रिया झेपेल अशा रुग्णात संसर्ग झालेली नळी काढणे हाच भक्कम उपाय. रक्त पायांकडे न्यायचे दोन मार्ग. एक, काखेतल्या धमनीपासून त्वचेखालून जांघेपर्यंत नवी नळी टाकायची आणि महाधमनीचे तोंड शिवून बंद करायचे. यात ते बंद केलेले तोंड पुढे फुटण्याचा धोका राहतो. दोन, त्याच जागी रुग्णाच्या मांडीतली खोल शीर, मृत दात्याची धमनी, गोवंशीय हृदयावरणाची नळी किंवा रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेली डॅक्रॉनची नळी बसवायची. त्यानंतर अँटिबायोटिक किमान सहा आठवडे, बहुधा कित्येक महिने, काहींना आयुष्यभर. हे मोठे आणि जोखमीचे ऑपरेशन आहे, हे आम्ही लपवत नाही. पण रुग्ण खंगण्याआधी केले तर ते पेलते.

प्रश्न : ही नळी किती वर्षे टिकते? तिची मुदत संपते का? पत्नीला ४९व्या वर्षी बसवली आहे, म्हणून काळजी वाटते. – हडपसर

उत्तर : मुदत नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हुरीज यांनी पहिली कापडी नळी वापरली ती विन्यॉन-एन या कृत्रिम कापडाची. त्यानंतर काही वर्षांतच मायकेल डीबेकी यांनी पॉलिएस्टरची म्हणजे डॅक्रॉनची नळी रूढ केली आणि तीच आजही वापरात आहे. छातीत शक्यतो विणून घट्ट केलेली, पोटात पुष्कळदा लोकरीसारखी गुंफलेली. हार्मोनियमच्या भात्यासारख्या चुण्या असतात, त्यामुळे वळताना ती दुमडून बंद होत नाही. छिद्रांतून रक्त झिरपू नये म्हणून तिला जिलेटिन किंवा कोलॅजनचा लेप असतो.

गुंफलेली डॅक्रॉन बसवल्यावर थोडी रुंदावते. ते अपेक्षित असते. कापड विरून फाटणे फार क्वचित आणि अनेक वर्षांनंतर.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. नळी शरीराची कधीच होत नाही. तिच्या दोन्ही टोकांकडून आतले अस्तर जेमतेम एक-दोन सेंटिमीटर सरकते. उरलेल्या लांबीवर रक्तातल्या प्रथिनांचा थर असतो, जिवंत पेशींचे अस्तर नाही. म्हणूनच जंतूंना ती कायम मोकळी. जोडही हाडासारखा सांधत नाही. तो शेवटपर्यंत दोऱ्यावर अवलंबून असतो. पूर्वी रेशमी दोरा वापरत, तो काही वर्षांत कमजोर होई आणि जोड सुटत. आता पॉलिप्रॉपिलीनचा दोरा वापरतात, तो ताकद टिकवतो. त्यामुळे आज जोड सुटतो तो बहुधा दोऱ्यामुळे नव्हे, रुग्णाची स्वतःची धमनी टाक्यांपाशी विरल्यामुळे.

राहिलेली महाधमनीही तुमच्या पत्नीचीच आहे आणि पन्नाशीच्या आत हा आजार झाला म्हणजे तिच्यातही दोष असू शकतो. फुगा पुढे दुसरीकडे येऊ शकतो. तेव्हा नळीच्या मुदतीपेक्षा रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवणे आणि ठरलेल्या वेळी सीटी किंवा एमआरआय करणे यांकडे लक्ष द्या. मार्फानसारखा आनुवंशिक दोष आहे का हे तपासले नसेल तर विचारा. मुलांची आणि भावंडांचीही तपासणी मग ओघाने येते.

प्रश्न : मी कारखान्यात काम करतो, वय ५६. चार वर्षांपूर्वी पोटापासून दोन्ही मांड्यांपर्यंत नळी टाकली. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली आहे. दुखत नाही, पण हात ठेवला की उडते. ओळखीच्या एकाने गळू म्हणून चिरा देऊन घे म्हटले. – चिंचवड

उत्तर : कुणालाही सुई किंवा ब्लेड लावू देऊ नका. शेक, लेप, मालिश काही नको. उडणारी गाठ म्हणजे जोडापाशी टाके किंवा धमनीची भिंत सैल होऊन रक्ताने बाहेर केलेला खोटा फुगा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. चिरा दिला तर रक्त दाबाने उसळेल.

या आठवड्यातच डॉप्लर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) आणि मग सीटी अँजिओ करा. जांघ दिवसभर वाकते-उलगडते, तिथला ताण जोडावर येतो, म्हणून नळीचे खोटे फुगे सर्वांत जास्त तिथेच दिसतात, बहुधा काही वर्षांनी. फुगा २ ते २.५ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर दुरुस्ती सुचवतात. जुना जोड काढून नळीचा छोटा तुकडा मध्ये घालतात. त्या वेळी तिथला नमुना कल्चरला पाठवायला सांगा, कारण मंद संसर्ग हे मागचे कारण असू शकते. गाठ अचानक वाढली, दुखू लागली, त्वचा लाल झाली तर त्याच रात्री रुग्णालयात.

तुमच्या पत्रात तंबाखूचा उल्लेख आहे. बिडी असो, मळलेली तंबाखू असो की मिश्री, नळीच्या फांदीत गुठळी होऊन ती बंद पडण्याचे ते मोठे कारण आहे. पाय एकाएकी दुखू लागला, पांढरा आणि गार पडला, बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली तर हातात साधारण सहा तास असतात. गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. बधिर पाय भाजतो आणि कळतही नाही. १०८ ला फोन करा. वेळेत पोचलात तर जांघेतून बारीक फुग्याची नळी सरकवून गुठळी ओढून काढता येते.

प्रश्न : वडिलांचे पोटाचे ऑपरेशन जानेवारीत झाले. दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पायी जातात. यंदा जाऊ का, असे विचारताहेत. – सासवड

उत्तर : पाच महिन्यांनी चालायला हरकत नाही, पूर्ण वारीला आहे. आतापासून रोजचे अंतर वाढवा. सलग आठवडाभर रोज आठ-दहा किलोमीटर दम न लागता, पोटरी न दुखता जमले, तर निवडक टप्पे करावेत. पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा आणि त्यातला दिवे घाट यंदा वाहनाने केला तर बरे.

पिशवी, पखवाज, स्वयंपाकाची भांडी उचलू नयेत. फुगा होणाऱ्यांच्या ऊतीच मुळात सैल असतात, त्यामुळे पोटावरच्या उभ्या चिरेतून हर्निया येण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त आहे. पट्टा बांधल्याने तो टळत नाही.

पाणी भरपूर प्यावे. शरीर सुकले की नळीत गुठळीचा धोका वाढतो. जुलाब झाले तर ओआरएस घ्यावे, आणि मेडिकलमधून सिप्रोफ्लोक्सासिन किंवा ऑफ्लोक्सासिन आणून घेऊ नये. महाधमनीचा आजार असलेल्यांना या गटातली औषधे शक्यतो देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. फुगा फुटण्याचा किंवा भिंत चिरण्याचा धोका त्यांनी वाढतो. आपल्याकडे ‘ओ-टू’ म्हणून सर्रास मागितली जाणारी गोळी याच गटातली. वडिलांच्या खिशात चिठ्ठी ठेवा : शस्त्रक्रियेची तारीख, नळी कुठून कुठपर्यंत, चालू औषधे, घरचा फोन.

प्रश्न : आईची बेंटॉल शस्त्रक्रिया (महाधमनीची झडप आणि सुरुवातीचा भाग बदलण्याची) झाली आहे, धातूची झडप आहे. दाढ काढायची आहे. दंतवैद्य म्हणतात रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद करा. – शिरूर

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, झडपेवर गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊ शकते. दाढ काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचे माप) तपासा. आईंसारख्या झडपेला तो साधारण २ ते ३ असावा लागतो, आणि तेवढ्यावर एक-दोन दाढा टाके घालून, रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या चुळा देऊन काढता येतात. कृत्रिम झडप असल्याने अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. झडप नसून फक्त नळी असलेल्यांना हा डोस द्यावा का, याबाबत डॉक्टरांत एकमत नाही. आपल्या सर्जनना विचारावे.

दुखण्यावर डायक्लोफिनॅकची गोळी नको, कमरेत इंजेक्शनही नको. पालक, मेथी, शेपू बंद करायची गरज नाही. आठवड्याला जेवढ्या खातात तेवढ्याच खाव्यात.

प्रश्न : वडिलांना पोट न उघडता जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली नळी) बसवला. तीन वर्षे काहीच त्रास नाही. दर वर्षी सीटी कशाला? – बाणेर

उत्तर : कारण जुना फुगा अजून आतच आहे. नळी टोकाला किंवा दोन तुकड्यांच्या सांध्याला सुटली तर रक्त परत पूर्ण दाबाने फुग्यात शिरते आणि फुटेपर्यंत काही दुखत नाही. अशी गळती लगेच दुरुस्त करावी लागते. महाधमनीच्या बारीक फांद्यांतून उलटे फुग्यात येणारे रक्त ही सर्वांत नेहमीची गळती. फुगा वाढत नसेल तर तिच्यावर नुसती नजर ठेवतात. पहिल्या महिन्याची आणि वर्षाची सीटी चांगली असेल तर पुढे चांगल्या हाताची डॉप्लर सोनोग्राफी बहुतेकदा पुरते, किडनीवरचा भारही टळतो. मात्र दर वर्षी फुग्याचा आकार मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि जुना अहवाल शेजारी ठेवून बघा.

प्रश्न : वय ५४. पोटातली नळी बसवल्यापासून संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येत नाही. कुणाला विचारायला संकोच वाटतो. – नाव, गाव दिलेले नाही

उत्तर : पत्र लिहिलेत ते बरे केलेत. महाधमनी जिथे दुभागते तिथे, विशेषतः डाव्या बाजूने, वीर्यस्खलनाच्या नसांचे जाळे असते. शस्त्रक्रियेत ते दुखावले की वीर्य मूत्राशयात जाते आणि लघवीवाटे निघून जाते. शरीराला त्याने अपाय नाही, ताकदीशी संबंध नाही. मूल हवे असेल तर मूत्रविकारतज्ज्ञांना भेटा. ताठरताच येत नसेल तर कारण वेगळे, ओटीपोटातला रक्तपुरवठा कमी पडणे. त्यावर सिल्डेनाफिलसारखी गोळी चालते, पण छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेत असाल तर अजिबात नाही.

थोडक्यात काही उत्तरे

छातीतल्या कमानीची शस्त्रक्रिया झाल्यावर आवाज बसला (औंध) : स्वरयंत्राची डावी नस त्या कमानीखालूनच वळसा घेते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या. तोवर पाणी पिताना हनुवटी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागून पाणी फुप्फुसात जाते.

नळी असताना एमआरआय चालतो का? (वानवडी) : कापडी नळीला चालतो. झडप किंवा स्टेंट असेल तर त्याचे कार्ड दाखवा.

भावाला फुगा होता, मी तपासू का? (नाना पेठ) : होय. पोटाची एक सोनोग्राफी उपाशीपोटी करा आणि अर्जावर ‘महाधमनीचा व्यास मोजावा’ असे लिहून घ्या. व्यास ३ सेंटिमीटरच्या आत असला पाहिजे.